चाळीतल्यासारखा कामट्यांचा आकाशकंदील कसा बांधायचा?

प्रश्न (गिरगावकर): गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींत दिवाळीआधी गॅलरीत मुलं मिळून कंदील बांधायची. तोच कंदील यंदा सोसायटीतल्या मुलांकडून करून घ्यायचा आहे. सांगाडा तिरका होतो, पतंगाचा कागद सैल पडतो. माप आणि क्रम कोणी नीट सांगेल का?

उत्तर (कामटी): 25 सेंमीच्या 24 कामट्या (बांबूच्या पातळ पट्ट्या) घ्या. कंदील त्यामुळे साधारण 50 सेंमीचा होतो, गॅलरीला तो पुरे. लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहिला तरी सांगाडा कलतो, म्हणून सगळ्या एकत्र धरून एकदमच कापा. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधा. त्यातले चार कोपऱ्यावर उभे करून कडेचे कोपरे एकमेकांना बांधले की गोल फेर तयार होतो. त्यांचे वरचे कोपरे पाचव्या चौकोनाला आणि खालचे सहाव्याला बांधा. मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात.

तिरका होण्याचं खरं कारण वेगळं आहे. नुसत्या गाठींवर चौकोन ताठ राहत नाही, दाबला की शंकरपाळ्यासारखा होतो. फेर बांधण्याआधीच प्रत्येक उभ्या चौकोनाच्या दोन्ही कर्णांवर पांढरा दोरा ताणून बांधा. कर्ण 35.4 सेंमी भरला की कोपरा काटकोनात आलाच. हे दोरे कागदाखाली राहू द्या, काढू नका. वरच्या चौकोनाला दोऱ्याऐवजी कर्णावर एक जाड कामटी बांधा, बल्बचा होल्डर तिलाच लटकतो. खालचा मोकळाच ठेवा, बल्ब बदलायला हात जायला हवा.

खळवाली काकू: कागद सैल पडतो तो बहुतेक खळीमुळे. दोन चमचे मैदा आधी एक कप थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मग मंद आचेवर ढवळत शिजवा. पांढुरका रंग जाऊन चकाकी आली की उतरवा आणि पूर्ण गार करा. खळ कामटीला लावायची, कागदाला कधीच नाही. कागदाला लावली की तो भिजून ताणतो, फाटतो, रंगही सुटतो. कागद सगळ्या बाजूंनी एक सेंमी जास्त कापा आणि तेवढंच कामटीवरून आत दुमडा. आधी लाल-हिरवे त्रिकोण चिकटवून पूर्ण वाळू द्या, पांढरे चौकोन शेवटी. उलट केलंत तर पांढऱ्यावर डाग पडलेच समजा.

झुरळं लागू नयेत म्हणून पूर्वी खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. ते विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर नको. खळ रोज ताजी करा.

गिरगावकर: आभार! पतंगाचा कागद कुठे मिळेल? आणि बल्ब कोणता लावू?

माहीमकर: पतंगाचा कागद डोंगरीत पतंगवाल्यांकडे बघा, घड्या नसलेला घ्या. कंदील बांधणारे लोक बघायचे असतील तर दिवाळीआधी माहीमच्या कंदील गल्लीत चक्कर मारा, मुलांनाही न्या.

बल्ब 7 किंवा 9 वॅटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा. पांढऱ्या उजेडात लाल रंग मळका दिसतो. बल्ब बरोबर मधे आला की चौकोनाचा कागद त्याच्या मध्यापासून साधारण 17-18 सेंमीवर राहतो, पण होल्डर सैल असेल तर वाऱ्याने बल्ब कागदाला टेकतो. वायर वरच्या कामटीला दोन ठिकाणी घट्ट बांधा. जुना 60 वॅटचा बल्ब कागदात लावू नका. वरचा चौकोनही कागदाने बंद करू नका, एलईडीचं बूड तापतं.

कामटी: शेपट्या खालच्या चौकोनाच्या कामट्यांनाच चिकटवा, त्रिकोणांना नको. वाऱ्यात ओढ बसली की तिथला कागद पहिल्यांदा फाटतो.