रविवारी पहिल्यांदा रेस कोर्सवर जातोय, हजार रुपयात काय काय होतं?

हडपसरची_बस

मंडळी नमस्कार. नऊ वर्षं झाली रोज स्वारगेटहून हडपसरच्या बसने कामाला जातो, पुलगेट गेलं की रेस कोर्स येतं, खिडकीतून तो हिरवा पट्टा दिसतो आणि प्रत्येक पावसाळ्यात वाटतं की एकदा आत जाऊन बघू, पण आजवर पाय काही आत पडला नाही. आता ऑफिसातल्या चौघांनी ठरवलंय की या रविवारी जायचंच. चौघांपैकी एकालाही घोड्यातलं ओ की ठो कळत नाही. माझा तर घोड्याशी संबंध म्हणजे लहानपणी संभाजी पार्कात फोटोसाठी बसवलेलं एक तट्टू, त्यावरही मी रडलो होतो.

प्रत्येकी हजार रुपये घेऊन जायचं आणि ते गेले असं समजूनच निघायचं असं ठरलंय. प्रश्न असे की घोडा निवडायचा कसा, विन प्लेस वगैरे काय भानगड असते, खिडकीवर लावायचे की त्या बुकी लोकांकडे, आणि मुळात हे कायद्याने चालतं का, कारण घरी सांगितल्यावर बायकोने "जुगार" या एका शब्दात विषय संपवलाय. जाणकारांनी सांगा. फुकट टिप दिलीत तरी चालेल.

कट्टा_नंबर_एक

टिप पाहिजे? मिसळ खा आणि घरी झोप, हमखास प्रॉफिट.

दुसरा_एन्क्लोजर

वरच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. 1978 पासून जातोय, आमचे वडील त्याआधीपासून जायचे. पांडू खाडे, वसंत शिंदे या जॉकींची नावं आमच्या घरात क्रिकेटवाल्यांसारखी घेतली जायची. हे कोर्स 1830 सालचं आहे, आणि डेक्कन क्वीन 1930 ला सुरू झाली तीसुद्धा सुरुवातीला शनिवार-रविवारीच, मुंबईच्या शौकीन मंडळींना इथे रेसला आणायला. त्यामुळे बायकोला सांग की पुण्याची परंपरा बघायला चाललोय.

कायद्याचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टाने 1996 मध्येच सांगितलंय की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ, निव्वळ नशिबाचा नाही. कोर्सच्या आत टोटच्या खिडकीवर किंवा लायसनवाल्या बुकीकडे लाव, काही अडचण नाही. बाहेर फोनवर, व्हॉट्सॲपवर जे घेतात त्यांच्या नादी लागू नको, ते बेकायदा, आणि तिथे उधारी चालते हे त्याहून वाईट.

आता टोट म्हणजे काय, तर सगळ्यांचे पैसे एका हंड्यात, त्यातून टॅक्स आणि क्लबचं कमिशन काढून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. म्हणून खिडकीवर लावताना तुला नक्की किती मिळणार ते माहीत नसतं, घोडे सुटेपर्यंत भाव हलत राहतो. बुकीचं उलटं, त्याने पाचाचा भाव दिला आणि तू घेतलास की तो तुझा, नंतर दोनाचा झाला तरी तुला पाचानेच मिळणार. पेपरात निकालात "29" असं दिसतं ना, ते दहा रुपयांवर, म्हणजे दहाचे एकोणतीस, त्यात तुझे दहा आलेच.

विन म्हणजे पहिलाच यायला हवा. प्लेस म्हणजे पहिल्या दोनात किंवा तिनात आला तरी चालतो, किती घोडे धावतात त्यावर ते ठरतं, पैसे कमी पण जीव शांत. फोरकास्ट म्हणजे पहिला दुसरा क्रमाने, क्विनेला म्हणजे तेच दोन पण क्रम कसाही. टनाला म्हणजे पहिले तीन क्रमाने. जॅकपॉट म्हणजे लागोपाठ पाच रेसचे विनर. नवीन माणूस पहिल्याच दिवशी टनाला आणि जॅकपॉटला हात घालतो आणि तिसऱ्या रेसला वडापावचे पैसे मागत फिरतो. तू विन नाहीतर प्लेस, रेसला शंभर, बस.

आणि पॅडॉकला जाऊन उभा राहा. निम्मे लोक पुस्तकात डोकं घालून बसतात, घोडा बघतच नाहीत. प्रत्येक रेसआधी घोडे तिथे गोल फिरवतात, पाच-सहा फुटांवरून दिसतात. कातडी चमकतेय का, पाऊल मोकळं पडतंय का, कान पुढे आहेत का मागे चिकटलेत ते बघ. मागच्या पायांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस आला असेल आणि घोडा उगाच आडवा नाचत असेल तर त्याची अर्धी रेस तिथेच झाली समज. अर्थात असाच एक फेसाळलेला घोडा मी सोडला होता आणि तो चार लेंग्थने, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीएवढ्या फरकाने पहिला आला. तो विषय राहू दे.

वहीत_लिहा

काकांचं सगळं बरोबर, फक्त कमिशन आणि टॅक्सवरून एका वाक्यात पुढे गेले, खरी गोम तिथेच आहे.

मी 2019 च्या पुण्याच्या सीझनमधल्या काही रेस वहीत लिहून काढल्या होत्या. नियम एकच, रेसमधला फेव्हरिट, म्हणजे ज्यावर लोकांनी सगळ्यात जास्त पैसे लावलेत तो घोडा, टोटवर विन, शंभर रुपये, स्वतःची अक्कल चालवायची नाही. 62 रेस लिहिल्या, 21 वेळा घोडा आला. म्हणजे तिनातला एक, ऐकायला छान वाटतं. 6,200 लावले आणि हातात आले 5,145. हे जिंकण्याचं प्रमाण चांगलं असून. घोडा ओळखता येतो हो, पण तो बाकीच्या हजार लोकांनीही ओळखलेला असतो त्यामुळे त्याचा भाव पडलेला असतो, तुम्ही घोड्याशी खेळत नाही तर शेजारच्या रांगेतल्या माणसाशी खेळता आणि दोघांच्या पैशातून आधीच कापून घेतलेलं असतं.

आणि जीएसटी लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे, नुसत्या क्लबच्या कमिशनवर नाही. 28 टक्के होता तो 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. वर जिंकलेल्या रकमेवर इन्कम टॅक्स सरळ 30 टक्के, त्यातून आधी हरलेले वजा करता येत नाहीत. मोठी रक्कम लागली तर टीडीएस तिथेच कापून देतात. एवढ्यातून तरून नियमित कमावणारा मला अजून भेटलेला नाही, कमावतो म्हणणारे बरेच भेटले.

एक उपयोगाचं सांगतो. हॅंडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात, जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून भरतात, हेतू हा की सगळे एका रेषेत यावेत. त्यामुळे "मागच्या वेळी जिंकला म्हणून आज पण" हे गणित चुकतं, जिंकला म्हणूनच आज त्याच्या पाठीवर ओझं वाढलेलं असतं. आणि पावसात मैदान मऊ झालं की काही घोड्यांना चिखल मानवतो, काहींना अजिबात नाही. घोड्याचे मागचे निकाल बघताना तेव्हा पाऊस होता का तेही बघा.

नाव_नको

एवढं सगळं मजेत लिहिलंय म्हणून लिहावं की नको असं झालं होतं. आमचे अण्णा एका कारखान्यात होते, पगार सात तारखेला व्हायचा आणि सीझनमध्ये आई सात तारखेला फाटकात जाऊन उभी राहायची. एकदा माझी शाळेची फी भरायला निघाले आणि संध्याकाळी आले ते पेढे घेऊन आले, दुप्पट झाले होते. त्या पेढ्यांनीच घात केला असं आई म्हणायची, त्या दिवशी हरले असते तर कदाचित थांबले असते. तुम्ही हजार ठरवलेत ना, मग कार्ड, जीपे सगळं घरी ठेवून जा. बाकी एंजॉय करा, मनापासून.

दुसरा_एन्क्लोजर

@नाव_नको ताई किंवा दादा जे असाल ते, अशी घरं मी पण बघितलीत. आमच्याच ग्रुपमधले दोन गेले त्यात. खोटं बोलणार नाही.

मोतद्दाराची_लेक

कोणीच ज्याच्या हातात लगाम असतो त्याच्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. माझे बाबा मोतद्दार होते, तुम्ही सईस म्हणता ते. पॅडॉकमध्ये घोड्याबरोबर चालणारा माणूस. एकतीस वर्षं केलं. पहाटे साडेतीनला उठायचे, घोड्याला खायला घालायचं, उजाडायच्या आत ट्रॅकवर न्यायचं, मग आंघोळ, खरारा, पायाला पट्ट्या, दुपारी परत घास. लसूणघासाचा वास त्यांच्या शर्टाला कायम असायचा, आई वेगळा धुवायची. पुण्याचा सीझन जुलैपासून, तो उरकला की नोव्हेंबरात घोडे ट्रकने मुंबईला, महालक्ष्मीला, आणि घोड्याबरोबर बाबा. त्यामुळे आमची दिवाळी कधी इथे कधी फोनवर.

घोडा जिंकला की मालकाकडून बक्षीस मिळायचं, त्यातूनच माझी सायकल आली होती. पण बाबांनी आयुष्यात एक रुपया लावला नाही. विचारलं तर म्हणायचे रात्री ज्याचं पोट दुखलं तेव्हा मी बसून होतो, त्याच्यावर पैसे लावू का.

पॅडॉकला गेलात तर काका म्हणतात तसं घोडा बघाच पण मोतद्दार पण बघा. लगाम सैल धरून निवांत चालत असेल तर घोडा खूश आहे. दोन्ही हातांनी लटकला असेल तर नाही.

कट्टा_नंबर_एक

ही पहिली टिप जिच्यासाठी मी रेस कोर्सवर जाईन.

वहीत_लिहा

घोड्यांवरून आठवलं, आपल्या पुण्याच्या सीरमची सुरुवात पण घोड्यांपासूनच आहे. पूनावालांचा स्टड फार्म 1946 चा, रेसमधून बाद झालेले घोडे ते मुंबईच्या हाफकिन संस्थेला द्यायचे, तिथे त्यांच्या रक्तातून सीरम काढायचे. मग ते आपणच का करू नये म्हणून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट. कोविडच्या लसीच्या वेळी आख्ख्या जगाने नाव ऐकलं, पण मुळाशी रेसचा घोडाच होता. अवांतर झालं, सॉरी.

हडपसरची_बस

जाऊन आलो मंडळी!! हिशोब आधी सांगतो नाहीतर वहीवाले दादा रागावतील, हजार नेले, साडेपाचशे परत आणले, यात चहा आणि शेंगदाणे धरलेत. कार्ड घरी ठेवलं होतं, जीपे मित्राने उडवायला सांगितलं ते नाही उडवलं पण वापरलं पण नाही.

पहिली रेस तर समजलीच नाही. बाराशे मीटर म्हणजे सव्वा मिनिटाच्या आत खेळ खलास, मी अजून माझा घोडा कुठल्या रंगाचा ते शोधतोय तोवर लोक तिकिटं फाडायला लागले. दुसऱ्या रेसला शहाणा झालो, पॅडॉकला गेलो, सात नंबरचा मोतद्दार लगाम खांद्यावर टाकल्यासारखा आरामात चालत होता, प्लेस लावला आणि आला की हो!! शंभरचे एकशे चाळीस. चाळीस रुपयांसाठी माणूस एवढा नाचू शकतो हे मला माहीत नव्हतं. आमच्या ग्रुपमधली एक जण फक्त स्वतःच्या स्कूटीच्या शेवटच्या आकड्यावर लावत होती, तिचा तिसऱ्या रेसला फ्लूक लागला आणि नंतर दिवसभर ती आम्हाला घोड्यांबद्दल समजावत होती.

पाचव्या रेसआधी पाऊस आला, धो धो, सगळे छपराखाली. आम्ही दोघं छत्री घेऊन कठड्यालाच थांबलो आणि ते बरं झालं. शेवटच्या वळणावरून घोडे सरळ आले तेव्हा आधी आवाज नाही आला, आधी पायाखाली जमीन थरथरली, मग आवाज, मग नुसता चिखल. जॉकींचे लाल पिवळे सगळे शर्ट एकाच रंगाचे झालेले. माझा विनला लावलेला चार नंबर दुसरा आला, नाकभर फरकाने, फोटोवर गेलं होतं. त्यात दुसऱ्याच्या जॉकीने म्हणजे माझ्याच घोड्याच्या जॉकीने ऑब्जेक्शन घेतलं की पहिल्याने आडवं येऊन वाट अडवली. शेजारी एक आजोबा होते, त्यांनी माझा फाडायला उचललेला हात धरला, म्हणाले थांबा, ऑल क्लिअर होईपर्यंत तिकीट फाडायचं नसतं. मग मी ते तिकीट मुठीत धरून उभा. भाव साडेसहाचा होता, मनातल्या मनात बायकोला साडी घेऊन झाली. दहा मिनिटांनी ऑल क्लिअर, ऑब्जेक्शन फेटाळलं. आजोबा म्हणाले आता फाडा.

नाही फाडलं, पाकिटात आहे अजून. बायकोने बघितलं, काही बोलली नाही, फक्त विचारलं चार नंबर का लावला. मी म्हटलं मोतद्दार छान होता. तेव्हापासून वेड्यासारखी बघतेय माझ्याकडे.

@मोतद्दाराची_लेक एक विचारायचं राहिलं. रेस झाल्यावर तो चार नंबर परत येत होता, नाकपुड्या एवढ्या फुगलेल्या, अंगातून वाफा निघत होत्या, आणि त्याचा मोतद्दार पळत गेला, डोकं धरलं आणि त्याच्या कानापाशी बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. हरल्यावर काय सांगत असतील ते?

मोतद्दाराची_लेक

बाकीच्यांचं माहीत नाही. बाबा शिव्या द्यायचे. अगदी हळू आवाजात, मान थोपटत थोपटत. आम्हाला कधी इतक्या प्रेमाने नाही दिल्या.