जर्व्हिस बेच्या किनाऱ्यावरची ही निलगिरी कोणती?

रानवाट: ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये जर्व्हिस बेला, वाळूच्या टेकड्यांच्या लगेच मागे ही झाडं आहेत. वाऱ्याने वाकलेली, बुटकी, खालपासूनच फांद्या फुटलेली. नुसतं 'निलगिरी' म्हणून सोडून द्यायला मन तयार नाही. खोडावर आणि जाड फांद्यांवर करडी-तपकिरी, धागेदार, उभ्या भेगांची साल आहे. शेंड्याकडच्या फांद्या मात्र गुळगुळीत. पानं वरून गडद हिरवी आणि चकचकीत, खालून फिकी. कळ्या सात-सातच्या झुबक्यात. माझ्या मनात युकॅलिप्टस रोबस्टा ही जात आहे. बरोबर आहे का?

सालपापुद्रा: रोबस्टाची खडबडीत साल बारीक फांद्यांपर्यंत जाते. ती जाड आणि मऊ असते, अंगठ्याने दाबली तर दबते. तुमच्या झाडाच्या वरच्या फांद्या गुळगुळीत आहेत, तिथेच मला शंका आली. शिवाय रोबस्टा दलदलीच्या, पाणी साचणाऱ्या जमिनीत रमते. खाली पडलेली फळं मिळतील का? निलगिरीत पानं फसवतात. एकाच झाडावर कोवळी आणि जून पानं वेगळ्या आकाराची असतात. फळ सहसा फसवत नाही.

रानवाट: आज मुद्दाम जाऊन वेचून आणली. साधारण १ सेंमी लांब, लंबगोल, छोट्या पिंपासारखी. देठ जवळजवळ नाहीच, सगळी एका चपट्या दांड्याला चिकटून बसलेली. तोंडाशी पाहिलं तर बी बाहेर पडायला उघडणाऱ्या झडपा काठाच्या आत आहेत, बाहेर डोकावत नाहीत.

सालपापुद्रा: मग बँगॅले, म्हणजे युकॅलिप्टस बॉट्रिऑइडिस. रोबस्टाची फळं मोठी, १.८ सेंमीपर्यंत जातात, त्यांना स्पष्ट देठ असतो आणि झडपांची टोकं बहुधा तोंडावर एकमेकांना जुळलेली राहतात. कळीचं टोपणही लांब चोचीचं. वाळूवर, खाऱ्या वाऱ्यात, शेंड्याची साल गुळगुळीत आणि फळं बिनदेठाची, हे सगळं एकत्र आलं की मला दुसरं नाव सुचत नाही. न्यूकॅसलपासून व्हिक्टोरियाच्या पूर्व भागापर्यंत किनाऱ्याला ही जात आहे. एक पान उजेडापुढे धरून बघाच. उपशिरा दाट, आणि मध्यशिरेपासून जवळजवळ आडव्या निघालेल्या दिसतील. फार देखणी रचना आहे ती.

देवराई: नावाशी सहमत. एवढंच सांगते, समुद्रापासून आत गेलात तर सांभाळून. तिथे सिडनी ब्लू गम, म्हणजे सॅलिग्ना, भेटते आणि दोघींचा संकर होतो. सॅलिग्नाची खडबडीत साल फक्त बुंध्याशी, वर सगळं खोड गुळगुळीत, आणि फळाच्या झडपा काठाबाहेर आलेल्या. संकरात ही लक्षणं अधलीमधली येतात: साल अर्ध्या खोडापर्यंतच, झडपा काठाच्या बरोबरीला. अशा झाडाला एकच नाव चिकटवू नका. ते कुठे उभं आहे, साल नेमकी कुठवर आहे ते टिपून ठेवा आणि फळांचा फोटो इथे टाका.

रानवाट: उपशिरा पाहिल्या, अगदी तशाच आहेत! आतल्या खाडीकाठची झाडं आता पुढच्या आठवड्यात बघते.