मदत हवी आहे: जाळी विणायला बसून बसून खुबा आखडलाय, मालिश नेमकी कुठे करायची?

नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांसाठी आहे. आम्ही हर्णैचे. १ जूनला मासेमारी बंद झाली आणि होड्या आंजर्ल्याच्या खाडीत गेल्या, की बाबांचं जाळ्यांचं काम सुरू होतं. पडवीत भिंतीला टेकून, एक पाय पसरून, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून सकाळी बसतात ते थेट जेवायला उठतात. उठल्यावर पटकन सरळ होता येत नाही. खांब धरून वाकूनच दोन-चार पावलं टाकतात, मग कंबर सुटते. कुल्ह्यात खोल ठणका असतो तो वेगळाच.

डॉक्टरांना दाखवलंय. पायाला मुंग्या-बधिरपणा नाही, लघवीची तक्रार नाही, एक्स-रेत सांधा ठीक आहे. स्नायूंचं दुखणं आहे म्हणाले.

गावातल्या एकांकडून मालिश करून घेतली. त्यांनी कुल्ह्यावर कोपर रोवून सगळा भार दिला. त्यानंतर पोटरीपर्यंत कळ गेली आणि रात्रभर बाबांना झोप नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, कुल्ह्यात खोलवर पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू आहे आणि सायटिक नस बहुतेकांच्यात त्याच्या खालूनच पायात उतरते, तिथे असा जोर द्यायचाच नाही. शिवाय बसल्यावर खुब्याच्या पुढचे स्नायू आखूड स्थितीत राहतात. त्यातला सोआस कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जोडलेला असतो, तो ताठ झाला की उभं राहताना कंबर ओढली जाते. मला हे पटलं, कारण बाबा उठताना हात जांघेवरच ठेवतात.

त्यांनी दिलेला व्यायाम चालू आहे. खाटेच्या कडेला उताणं झोपून एक गुडघा छातीशी धरायचा, दुसरा पाय खाली लोंबत सोडायचा. त्याने बरं वाटतं. कोमट खोबरेलाने मांडीच्या पुढच्या बाजूला तळहाताने मालिश मी करते, जांघेत जिथे नाडी लागते ती जागा सोडून. मागे कुल्ह्यावर फक्त मुठीने हलकं दाबते. सोआस पोटाच्या आतल्या बाजूला असतो, त्यामुळे पोटावरून दाबायचं धाडस मी करणार नाही आणि कुणाला करूही देणार नाही.

आता विचारायचं ते हे. भिंत आणि कुल्हा यांच्यात टेनिसचा चेंडू धरून साठीपुढच्या कुणी स्वतः मालिश केली आहे का? चेंडू नेमका कुठे ठेवायचा? हाडावर नको एवढं कळतं, पण कंबरेखालच्या माकडहाडापासून किती बाजूला? मालिश आधी की ताण द्यायचा व्यायाम आधी? आणि दापोली, खेड किंवा चिपळूणकडे हाताने नीट उपचार करणारे फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा, बाबांना मी घेऊन येईन. बसून काम करू नका असा सल्ला कृपया नको, जाळी त्यांनाच करायची आहेत. मध्ये किती वेळाने उठवावं हे मात्र जरूर सांगा. नारळी पौर्णिमेनंतर ते पुन्हा होडीवर जाणार, त्याआधी त्यांना सरळ उभं राहता यायला हवं.