अमेरिकेची राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा बंद करा म्हणणाऱ्यांना

लाकडी फळ्या (धागालेखक)

परवा येथेच 'रोखठोक' यांनी लिहिले की अमेरिकेची राष्ट्रीय इनडोअर ॲथलेटिक्स स्पर्धा म्हणजे हिवाळ्यातील सरावाला दिलेले भारदस्त नाव आहे, नावाजलेले खेळाडू तिकडे फिरकत नाहीत, आणि म्हणून ती बंद करून जागतिक इनडोअर स्पर्धेसाठीचा संघ खेळाडूंनी नोंदवलेल्या वेळांच्या यादीवरून निवडावा. त्याखाली लोकांनी एकामागून एक 'सहमत' लिहिलेले पाहिले आणि मला गप्प बसवेना.

ही स्पर्धा १९०६ साली सुरू झाली. महिलांची स्पर्धा १९२७ साली सुरू झाली, म्हणजे ऑलिंपिकने महिलांना ॲथलेटिक्सची दारे उघडली त्याच्या एक वर्ष आधी. ॲलिस कोचमनने १९४८ साली लंडनला उंच उडीत सुवर्ण जिंकले, हे आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही असते. पण त्याच कोचमनने चाळीसच्या दशकात या स्पर्धेत ५० मीटरची शर्यत जिंकली होती, हे कोणी सांगत नाही. ज्या काळात तिला दक्षिणेत अनेक मैदानांवर पाऊलही ठेवता येत नव्हते, त्या काळात राष्ट्रीय विजेती ही पदवी तिला या 'सरावाने' दिली.

माझे म्हणणे एवढेच आहे की दोष स्पर्धेचा नाही, तिला बेघर करणाऱ्यांचा आहे. अनेक दशके ती न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होत असे. तिथला लाकडी ट्रॅक इतका आखूड होता की एका मैलासाठी अकरा फेऱ्या माराव्या लागत, आणि वळणे अशी कलती होती की नवखा धावपटू पहिल्याच वळणावर बावचळत असे. नव्वदच्या दशकात ती अटलांटाला गेली, पुढे बॉस्टनला, मग ॲल्बुकर्कीला, मध्येच पोर्टलंड, मध्येच स्पोकेन, अलीकडे स्टेटन आयलंड. दर दोन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाला शेजारी ओळखत नाहीत म्हणून तो माणूसच नको, असा निकाल आपण देतो का?

रोखठोक

माझ्या नावाने वेगळा धागा निघाला, हा मी माझा गौरव समजतो. बिऱ्हाडाची उपमा छान आहे, पण तिने माझ्या एकाही मुद्द्याचे उत्तर मिळत नाही.

फेब्रुवारी २०२४ मधील ॲल्बुकर्कीची स्पर्धा घ्या. ग्रँट हॉलोवेने ६० मीटर अडथळा शर्यतीच्या प्राथमिक फेरीत ७.२७ सेकंदांचा विश्वविक्रम केला, आणि नंतर तो अंतिम फेरीत उतरलाच नाही, कारण आधीचा जगज्जेता म्हणून त्याचे ग्लासगोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेचे तिकीट पक्के होते. विश्वविक्रम करणारा माणूस त्याच स्पर्धेचे विजेतेपद रांगेत उभे राहूनही घ्यायला तयार नसेल, तर त्या विजेतेपदाची बाजारातील किंमत किती, हे मी वेगळे सांगायला नको. कोचमनबद्दल मला आदर आहे. पण पणजोबांच्या पराक्रमावर पणतूला नोकरी मिळत नसते.

गोदाकाठ

ऐंशीच्या दशकात मी न्यू यॉर्कमध्ये शिकत होतो आणि गार्डनच्या सर्वांत वरच्या, सर्वांत स्वस्त रांगेत बसून ही स्पर्धा पाहिली आहे. त्या फळ्यांवर पावले पडू लागली की आमच्या नाशिकच्या वाड्यात माडीवर पोरे धावताना खाली जसा धडधडाट होई, तसाच आवाज येत असे. खाली कोण जिंकले हे धुरामुळे नीट दिसत नसे, कारण तेव्हा प्रेक्षक बिनदिक्कत सिगारेटी ओढत; पण मैलाची शर्यत शेवटच्या दोन फेऱ्यांत आली की संपूर्ण सभागृह उभे राही. याच स्पर्धेत कार्ल लुईसने १९८४ साली ८.७९ मीटर लांब उडी मारली आणि तो इनडोअर विश्वविक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही. रोखठोक यांनी तो आवाज ऐकला असता तर त्यांनी हा विषयच काढला नसता.

रोखठोक

आपण ऐकलेल्या आवाजाबद्दल शंका नाही, काका. ऐकीव माहितीबद्दल आहे. लुईसची ती उडी २७ जानेवारी १९८४ रोजीच्या मिलरोझ गेम्समधील आहे. ती निमंत्रितांची स्पर्धा होती, राष्ट्रीय नव्हे. म्हणजे गार्डनचा जो सर्वांत मोठा क्षण आपल्याला आठवला, तोही या स्पर्धेचा निघाला नाही. माझा मुद्दा आपणच सिद्ध केलात, त्याबद्दल आभार.

गोदाकाठ

चूक मान्य. सभागृह तेच होते आणि वाळूचा खड्डाही तसाच होता, पण चूक ती चूक. चाळीस वर्षांत स्मरणशक्ती एवढी दगा देणारच. आपले वय झाले की आपल्यालाही कळेल.

पातळ हवा

धागालेखकांनी ॲल्बुकर्कीचा उल्लेख एका शब्दात उरकला, याचे मला नवल वाटते, कारण खरे दुखणे तिथेच आहे. ते शहर समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरहून अधिक उंचावर आहे आणि तिथली हवा साधारण सातव्या हिश्शाने विरळ असते. मी तेथे चार वर्षे संशोधन करत होतो. सोलापुरात रोज सकाळी पाच किलोमीटर धावणारा मी, पहिल्या महिन्यात प्रयोगशाळेचे दोन मजले चढलो की भिंतीला हात टेकून उभा राहत असे. अशा ठिकाणी राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा पुन्हा भरवायची, ती बंदिस्त सभागृहात तात्पुरता ट्रॅक जोडून भरवायची, आणि त्यात ३,००० मीटरचा राष्ट्रीय विजेता ठरवायचा, याला मी क्रूरपणा म्हणतो. लांब पल्ल्याच्या धावपटूचा तिथे श्वास कोंडतो, जागतिक स्पर्धेसाठी लागणारी पात्रता-वेळ तिथे नोंदवणे जवळजवळ अशक्य होते, आणि त्याच वेळी अल्प पल्ल्याच्या धावपटूला हवेचा अडथळा कमी झाल्याने फुकटचे शतांश मिळतात. क्रिस्टियन कोलमनचा १८ फेब्रुवारी २०१८ चा ६० मीटरमधील ६.३४ हा विश्वविक्रम याच स्पर्धेतला, याच हवेतला आहे. त्याला मी अर्धाच विक्रम मानतो.

लाकडी फळ्या

दुःख समजू शकतो, पण 'अर्धा विक्रम' हे मात्र सहन होत नाही. कोलमनने त्याच वर्षी जानेवारीत क्लेमसन येथे ६.३७ नोंदवले होते, आणि क्लेमसन काही डोंगरमाथ्यावर नाही. मार्चमध्ये बर्मिंगहॅमच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत त्याने पुन्हा ६.३७ मध्येच सुवर्ण जिंकले. तिथली हवा तर चांगली जाड, दमट, इंग्लिश होती. त्याआधीचा ६.३९ चा विक्रम मॉरिस ग्रीनने १९९८ साली माद्रिदमध्ये केला आणि २००१ साली अटलांटाला त्याची बरोबरी केली. ती अटलांटाची शर्यतही राष्ट्रीय स्पर्धेचीच होती, हे रोखठोक यांनी कृपया टिपून ठेवावे. सपाटीवर दोनदा ६.३७ धावणारा माणूस उंचावर ६.३४ धावला, तर त्यात हवेचे फार तर तीन शतांश असतील, बाकी सारे त्याच्या पायांचे आहे.

पातळ हवा

क्लेमसनची ती वेळ विक्रम म्हणून मान्य झालीच नव्हती, कारण तेथील आरंभाची यंत्रणा नियमांत बसत नव्हती. हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. आणि ज्या तीन शतांशांना आपण चिल्लर समजत आहात, तेवढ्या फरकाने पदके जातात. नोआ लाइल्स आणि कोलमन २०२४ साली याच ॲल्बुकर्कीत ६.४३ आणि ६.४४ मध्ये आले, म्हणजे राष्ट्रीय विजेता एका शतांशाने ठरला; दोन आठवड्यांनी ग्लासगोला क्रम उलटला आणि कोलमन जगज्जेता झाला.

शिवाय आपण पुन्हा वेगवान धावपटूंविषयीच बोलत आहात. माझा प्रश्न ३,००० मीटर धावणाऱ्यांचा होता. समुद्रकाठी सराव करणाऱ्या मुलीने कर्ज काढून विमानाचे तिकीट घ्यायचे, दोन दिवस आधी पोहोचायचे आणि सातव्या फेरीपासून छातीत निखारे घेऊन धावायचे, याचे उत्तर आपल्या वाङ्मयात कुठे आहे? ज्यांनी ती हवा कधी श्वासातही घेतली नाही, त्यांनी पुण्याच्या गच्चीत बसून तिचे गोडवे गाऊ नयेत.

लाकडी फळ्या

मी पुण्यात नसून बॉस्टनजवळ राहतो आणि मला गच्ची नाही. वैयक्तिक टीका संपली असेल तर एवढेच म्हणतो की लाइल्स आणि कोलमन एकाच शर्यतीत उभे होते, हे आपणच आत्ता सांगितलेत. नावाजलेले खेळाडू येत नाहीत, हे वाक्य या धाग्यात मुळात कोणाचे होते?

सोळा किलो

इतके प्रतिसाद वाचले आणि वेट थ्रोचा उल्लेख एकानेही केला नाही, याचे वाईट वाटले, आश्चर्य मात्र वाटले नाही. पुरुषांसाठी ३५ पौंड, म्हणजे जवळपास सोळा किलो, आणि महिलांसाठी २० पौंड वजनाचा गोळा साखळीने गरगर फिरवून फेकायचा हा प्रकार जागतिक इनडोअर स्पर्धेत नाहीच. त्या खेळाडूंना पुढे कुठले तिकीट मिळत नाही, वाइल्ड कार्ड मिळत नाही. त्यांच्यासाठी हीच राष्ट्रीय स्पर्धा हिवाळ्याचे शिखर असते. २०२३ साली ॲल्बुकर्कीत डॅनियल हॉने २६.३५ मीटर आणि डिॲना प्राइसने २६.०२ मीटर फेक केली. दोन्ही जगातील सर्वोत्तम कामगिरी होत्या, आणि सोळा किलोच्या गोळ्याला हवा विरळ आहे की दाट, याच्याशी कर्तव्य नसते.

माझी मुलगी न्यू जर्सीत महाविद्यालयात असताना हा प्रकार करत असे. एका स्पर्धेत त्यांची फेक सकाळी आठ वाजता, मुख्य सभागृहाच्या मागच्या जाळीबंद खोलीत उरकली गेली. प्रेक्षक म्हणून आम्ही सात पालक होतो आणि त्यातले दोघे चुकून आले होते. तिची सर्वोत्तम फेक त्या दिवशी झाली. यादीवरून संघ निवडा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, ज्यांचा संघच निघत नाही त्यांनी काय करायचे?

रोखठोक

वेट थ्रोवाल्यांसाठी ही स्पर्धा अवश्य राहू द्यावी. सात पालकांची सोय माझ्या प्रस्तावात नव्हती, ही माझी त्रुटी.

सोळा किलो

उपहास कळला. त्या सातांतला मी एक होतो, याचा मला आजही अभिमान आहे.

चौथी लेन

मी सहसा वाचनमात्र असते, पण येथे सर्व पुरुष मंडळी सेकंदांचे शतांश मोजण्यात रमली आहेत म्हणून लिहिते. रोखठोक, आपण विचारलेत की या पदवीची किंमत किती. २०१४ ची महिलांची ३,००० मीटर शर्यत आठवते का? तीही ॲल्बुकर्कीतच झाली होती. गॅब्रिएल ग्रुनेवाल्ड पहिली आली. २००९ पासून ती कर्करोगाशी झुंजत होती. शेवटच्या फेरीत तिचा जॉर्डन हसे हिला धक्का लागला असा आक्षेप हसेचे प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार यांच्याकडून नोंदवला गेला. तो आधी फेटाळला गेला, आणि नंतर काही तासांनी ग्रुनेवाल्डलाच अपात्र ठरवण्यात आले. दुसऱ्या दिवशी १,५०० मीटरची अंतिम शर्यत संपल्यावर मुली एकमेकींचे हात धरून ट्रॅकवरून बाहेर पडल्या. अखेर हसेने आपला आक्षेप मागे घेतला आणि ग्रुनेवाल्डला विजेतेपद परत मिळाले. पाच वर्षांनी, २०१९ साली, ती बत्तिसाव्या वर्षी गेली.

आमच्या गावच्या आंतरशालेय स्पर्धेत मला एकदा दुसऱ्या मुलीच्या रेषेत पाय पडला म्हणून बाद केले होते. पाय तिचा माझ्या रेषेत पडला होता. पंच तिच्या वडिलांचे स्नेही होते. त्या प्रमाणपत्राची बाजारातील किंमत शून्य होती, तरी पंचेचाळीस वर्षे मी ते विसरलेले नाही. म्हणून ग्रुनेवाल्डची बातमी आली तेव्हा विजेतेपद परत मिळेपर्यंत मी रोज सकाळी निकाल बदलला का ते पाहत होते. यादीवरून संघ निवडला असता तर तिच्याकडून काढून घेण्यासारखे काही नसते, आणि परत देण्यासारखेही नसते.

पातळ हवा

ताई, आपण लिहिलेले मनाला लागले. मात्र हेही नोंदवतो की तो गोंधळ उंचीवरच झाला.

चौथी लेन

पंचांची बुद्धीही विरळ हवेत मंदावते, असे आपले संशोधन असल्यास अवश्य प्रसिद्ध करावे.

रोखठोक

ग्रुनेवाल्डच्या प्रसंगावर माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करतो. फारसे आनंदाने नव्हे. स्पर्धा बंद करण्याची मागणी मी तूर्त मागे घेतो. तिच्या जागी नवी मागणी ठेवतो : ज्याला अंतिम फेरीत धावायचे नाही, त्याने प्राथमिक फेरीतही उतरू नये, मग तो विश्वविक्रम करणारा का असेना. हॉलोवेने त्या दिवशी अंतिम फेरीतील एक लेन अडवली आणि मग ती रिकामी ठेवली. ती लेन कोणाची तरी होती.

लाकडी फळ्या

या एका वाक्याला माझी सही घ्या. हे परवाच लिहिले असते, तर माझी दोन रात्रींची झोप वाचली असती.

गोदाकाठ

मीही सही करतो. लुईसबद्दलचे माझे वाक्य संपादित करता येत नाही असे दिसते. प्रशासकांनी ते जमल्यास दुरुस्त करावे.

पातळ हवा

स्पर्धा कायमची स्टेटन आयलंडला, समुद्राच्या काठी भरवणार असाल तर माझीही सही आहे. आणि कोलमनच्या ६.३४ पुढे जगभरच्या याद्यांत उंचीचे 'ए' हे अक्षर छापतात, धागालेखकांनी तेवढे लावायला विसरू नये.