मदत हवी आहे: वाड्यावरचा सांताक्लॉज व्हायची पाळी माझ्यावर आली आहे

मंडळी, आधी पोटभर हसून घ्या, पण मग उत्तर द्या. दिवस थोडे राहिलेत.

मी मूळचा सावंतवाडीचा. नोकरीपायी मडगावजवळच्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीत, भाड्याने राहतो. घरमालक निवृत्त तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, सगळा वाडा त्यांना अंकल म्हणतो. बोटीवरची नोकरी सुटल्यापासून नाताळच्या कार्यक्रमातला सांता तेच. पोट स्वतःचं, हसू स्वतःचं, दाढी तेवढी विकतची. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा लिस्बनला, आणि तो आला तरी असलं काही करणार नाही असं आन्टीच म्हणतात.

तर परवा अंकलनी हाक मारून पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा भपकारा, त्याखाली लाल सॅटिनचा कोट. बटणं पाहिली तर जुन्या बोटीच्या युनिफॉर्मची, पितळी, प्रत्येकावर नांगर. कोट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "तूं आसा मरे!" (तू आहेस ना रे!) मी तोंड उघडायच्या आत आन्टीनी दोदोलची, म्हणजे नाताळातल्या चिकट गोड वड्यांची, बशी पुढे केली. दोदोल एकदा दातांत बसलं की माणसाला नकार देता येत नाही, हे त्या नवराबायकोला पक्कं ठाऊक आहे.

आता अडचण अशी की मी हिशेब विभागातला माणूस. चारचौघांत बोलायचं म्हटलं की कानशिलं तापतात. अंगाने काटकुळा. आणि ते हसू! लहानपणापासून दशावतार बघून मोठा झालो, त्यामुळे माझ्या तोंडून "हो हो हो" निघतं ते थेट राक्षसाच्या एंट्रीचं. बाथरूममध्ये सराव केला तर शेजारच्या कुत्र्याने जेवण टाकलं.

खरी धास्ती वेगळीच आहे. आईबाप आपापल्या पोरांची खेळणी गुपचूप चिठ्ठी लावून अंकलकडे पोचवतात आणि सांता नाव पुकारून ती वाटतो. अंकल नुसतं नाव घेत नाहीत. कोणाचा दात पडला, कोणी कोणाचा पतंग फाडला, सगळं त्यांच्या डोक्यात. पोरं त्यासाठीच येतात. मी काय बोलू? आणि दाढी, उकाडा यांचं काय करायचं? अंगावर सॅटिन, पोटावर उशी. गोव्यात डिसेंबरच्या संध्याकाळीही घाम फुटतो, हे इथल्यांना सांगायला नको.

यातून सुटायची वाट असेल तर ती आधी सांगा.

पणजीचा काळा कोट: सुटका अवघड आहे. गोव्याच्या वारसा कायद्यात सक्तीचे वारस असले की माणूस आपल्या इस्टेटीतला अर्धाच भाग मर्जीप्रमाणे देऊ शकतो. त्यामुळे कोट तुम्हाला, पण विजार लिस्बनच्या मुलाचीच. तुम्ही मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे) असता तर १९७५ च्या कायद्याने निदान घराचं संरक्षण मिळालं असतं. साधे भाडेकरू आहात, तेव्हा मुकाट्याने दाढी लावा. (हलके घ्या, फी नको.)

फोंडेकर रंगकर्मी: दाढीचं मी बोलतो, जत्रेच्या नाटकांत ऋषीमुनी खूप केलेत. इलॅस्टिकची कापसाची दाढी घेऊ नका, बोलताना हनुवटी खाली जाते आणि दाढी वर राहते. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्यांकडे लोकरीची मिळेल. आधी गुळगुळीत दाढी करा, स्पिरिट गम (नाटकवाल्यांचा दाढी चिकटवायचा डिंक) लावून थोडा चिकट होऊ द्या, मग दाबा. आदल्या दिवशी मनगटावर थेंब लावून बघा, काहींना पुरळ येतं. काढताना ओढू नका, खोबरेल चोळा. हसण्याचं म्हणाल तर राक्षस छातीतून हसतो आणि वर चढत जातो. तुम्ही पोटातून हसा आणि खाली उतरत या. तिसरा "हो" सगळ्यांत हळू. आत सुती बनियन, आणि उशी अजिबात नको.

धागाकर्ता: उशी नको तर पोट कुठून आणू? बरगड्या मोजता येतात माझ्या.

इतिहासवेडा: पोट हवंच कशाला? मूळचा संत निकोलस हा चौथ्या शतकातला मायराचा बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. कथा अशी की गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या. गोलमटोल लाल सांता घरोघरी पोचवला तो अमेरिकेतल्या चित्रकारांनी, १८६३ पासून थॉमस नास्टने आणि पुढे १९३१ पासून शीतपेयाच्या जाहिरातींनी. कोणी विचारलं तर सांगा, मी जाहिरातीच्या आधीचा.

मडगावची माई: अरे बाबा, चार वर्षांच्या पोराला कसला मायरा सांगतोस! धागाकर्त्या, माझं ऐक. तान्ह्यांना उचलू नकोस, आईच्या कडेवरच राहू दे. उभा राहून हसू नकोस, खुर्चीत बस, म्हणजे पोरं आपणहून जवळ येतात. आणि आजच वही घेऊन अंकलकडे जा. पोरामागे एक ओळ लिहून घे, चिठ्ठ्यांच्या मागे उतरव. तेवढ्यावर काम भागतं. नाताळ झाला की कोट लगेच पेटीत घाल. ३१ डिसेंबरला जाळायचा ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, बनवायला पोरं जुने कपडे शोधत फिरतात, दोरीवर दिसला की पेंढा भरून मोकळी.

पणजीचा काळा कोट: आणि रडगाणं बंद करा. ६ जानेवारीला, तीन राजांच्या फेस्ताला, कासावलीकडे तीन गावांतला एकेक मुलगा राजा होऊन घोड्यावरून मिरवतो. तुम्हाला परगावचे असून गादी मिळतेय.

धागाकर्ता: माई, गेलो होतो. वही अर्धी भरली. अंकलनी पोरांबरोबर त्यांच्या आईबापांचीही लहानपणची लफडी सांगितली, ती चिठ्ठीवर घेत नाही. आता त्यांनी स्वतःसाठी खुर्ची मागितली आहे, माझ्या शेजारीच. मी अडकलो तर कानात सांगणार. पोरांनी विचारलं तर म्हणे सांगायचं, हे सांताचे पप्पा.

म्हणजे सुटका नाहीच. आता शेवटचा प्रश्न. आमच्याकडे सांता पायलटच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या दुचाकीवाल्याच्या, मोटारसायकलवर मागे बसून येतो. टोपीवर हेल्मेट घालायचं की हेल्मेटवर टोपी? पायलट म्हणतो, पोलिसांनी अडवलं तर चलन सांताने भरायचं.

फोंडेकर रंगकर्मी: टोपी पिशवीत ठेवा, कोपऱ्यावर उतरून घाला. दाढीही तिथेच लावा, नाहीतर हेल्मेटच्या पट्ट्यात अडकून गमासकट निघेल. आणि पायलटला इंजिन चालूच ठेवायला सांगा, आवाज आला की पोरं तयारीत राहतात.