जुना पब, ठरलेला कोपरा: तुमचे अनुभव

पाणकोंबडा
काल कपाट आवरताना पुठ्ठ्याची गोल चकती सापडली, ग्लासाखाली ठेवतात ती. साउथवर्कचं जॉर्ज इन, 2009. मी तेव्हा पीत नव्हतो, आताही नाही. संत्र्याचा रस घेऊन तीन तीन तास अंगणात बसायचो. पूर्वी घोडागाड्या याच अंगणात थांबायच्या. 1676च्या आगीत जळलं, पुढच्या वर्षी पुन्हा बांधलं. असे लाकडी सज्जे असलेलं लंडनमध्ये हे एकच उरलंय. खोलीवर हीटर धड चालत नव्हता, तिथे मात्र "अजून काय आणू?" म्हणून कोणी मागे लागायचं नाही. तुमचं असं ठिकाण कुठलं?

अर्धा चष्मा
न्यूयॉर्कचं मॅकसोर्लीज!! फरशीवर भुसा, बिअर दोनच प्रकारची, लाइट नाहीतर डार्क. एक मागवली की दोन मग येतात. बारवर पक्ष्यांची दुबेळकी हाडं टांगलेली असायची. पहिल्या महायुद्धाला निघालेली पोरं अडकवून गेली, परत आल्यावर काढायची म्हणून, असं सांगतात. उरली ती कोणाची ते कळलंच. थांबा, कुकर

खडीसाखर
1970 पर्यंत तिथे बायकांना प्रवेश नव्हता, तेही लिही की. कोर्टात भांडावं लागलं. जुनेपणाचं कौतुक जरा बेतानं.

अर्धा चष्मा
लिहिणारच होते गं, भात लागला. सासूबाईंना तिथे नेलं तेव्हा हे सांगितलं. त्यांनी न बोलता दोन्ही मग संपवले.

डुलकी
सासूबाईंना दंडवत 🙏

वरची बर्थ
केंब्रिजचं ईगल. डीएनएची रचना उलगडणाऱ्या क्रिकने 1953 मध्ये इथेच जेवायच्या वेळी येऊन 'जीवनाचं रहस्य सापडलं' असं जाहीर केलं, ही त्याचा जोडीदार वॉटसनने सांगितलेली गोष्ट. आमचे सर तिथेच माझा तिसरा चॅप्टर परत करायचे. आतल्या खोलीच्या छतावर दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी लायटरने, मेणबत्तीने लिहिलेली नावं आहेत. सर लाल पेन काढायचे, मी वर बघायचो. बरीच नावं पाठ झाली.

डुलकी
बिल सर द्यायचे का?

वरची बर्थ
दोघांचंही मीच.

कुंपणापलीकडे
लंडनला फ्लीट स्ट्रीटच्या चेशर चीज पबमधला पेंढा भरलेला पोपट कोणी पाहिलाय का? पॉली. 1926 मध्ये गेला तर वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले. आमच्याकडे बावीस वर्षं काम केलेला माणूस निवृत्त झाला, साधी ई-मेल नाही.

खडीसाखर
कुठलं ऑफिस हे?

कुंपणापलीकडे
अजून तिथेच आहे हो मी. नको.

अर्धा चष्मा
पाणकोंबडा, चकतीच्या मागे काही लिहिलंय का? फोन नंबर वगैरे? 😉

पाणकोंबडा
हिशोब आहे. एकाकडून साडेचार पौंड यायचेत.

डुलकी
व्याजासकट मागा.