डॉ. अ‍ॅन प्रेस्टन यांचे मोठेपण नेमके कशात?

प्रश्न:
आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, त्याच्या इतिहासात डॉ. अ‍ॅन प्रेस्टन हे नाव वारंवार येते. १८६६ मध्ये त्या तेथील पहिल्या स्त्री अधिष्ठाता झाल्या, या एका ओळीवर बहुतेक लेख थांबतात. महाविद्यालयाची स्थापना त्यांनी केलेली नव्हती. मग त्यांचे नाव इतक्या आदराने का घेतले जाते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद:
अधिष्ठातापद हा त्यांच्या कामाचा शेवटचा टप्पा होता. खरे काम त्याआधीचे आहे. १८१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील वेस्ट ग्रोव्ह येथे एका क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई सतत आजारी असल्यामुळे घराचा आणि भावंडांचा भार त्यांच्यावर पडला. पुढे त्या स्त्रियांना शरीररचना आणि आरोग्याचे पाठ देऊ लागल्या, एका डॉक्टरांच्या हाताखाली दोन वर्षे शिकल्या, आणि तरीही फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयांनी त्यांना प्रवेश नाकारला. १८५० मध्ये हे महाविद्यालय उघडले तेव्हा ३६ वर्षांच्या प्रेस्टन पहिल्याच तुकडीत बसल्या. १८५१ च्या अखेरीस पदवी मिळालेल्या आठ जणींपैकी त्या एक होत्या, आणि १८५३ मध्ये तेथेच शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

खरी अडचण यानंतरची आहे. १८५८ मध्ये स्थानिक वैद्यकीय संघटनेने या महाविद्यालयाशी संबंध ठेवण्याविरुद्ध ठराव केला, आणि विद्यार्थिनींना रुग्णालयांचे दरवाजे बंदच राहिले. छातीला कान लावून श्वासातली घरघर ओळखणे किंवा बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की उभे हे सांगणे पुस्तकातून येत नाही. त्यासाठी खाटेजवळच उभे राहावे लागते. प्रेस्टन यांनी हे नेमके ओळखले, वर्गणी गोळा केली, स्त्रियांचे व्यवस्थापन मंडळ उभे केले आणि १८६१ मध्ये महिला रुग्णालय सुरू करवले. त्यासाठी डॉ. एमेलिन क्लीव्हलँड यांना प्रसूतिशास्त्र शिकायला पॅरिसला पाठवण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे महाविद्यालयाचे वर्ग काही काळ बंद पडले, तेव्हाही रुग्णालय चालू होते.

दुसरा प्रतिसाद:
रुग्णालयाचे महत्त्व मान्य आहे, परंतु माझ्या मते त्यांचा युक्तिवाद त्याहून मोठा आहे. विरोधकांना दिलेल्या लेखी उत्तरात त्यांनी असे मांडले की जेथे स्त्रीला रुग्ण म्हणून आणणे योग्य समजले जाते, तेथे स्त्रीने डॉक्टर आणि विद्यार्थिनी म्हणून असणेही योग्यच आहे. विरोधकांचा सगळा भर शालीनतेवर होता, आणि प्रेस्टन यांनी तोच मुद्दा त्यांच्यावर उलटवला. हे केवळ कागदावर राहिले नाही. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील रुग्णपाठाला (प्रत्यक्ष रुग्ण दाखवून दिल्या जाणाऱ्या पाठाला) गेल्या, तेव्हा तेथील पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या आणि पुढे रस्त्यापर्यंत त्यांचा पाठलाग केला. त्या मुलींनी पाठ संपेपर्यंत जागा सोडली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ती:
दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. त्यांच्या विद्यार्थिनींमध्ये केवळ गोऱ्या, सुखवस्तू घरांतल्याच मुली होत्या का?

पहिला प्रतिसाद देणारे:
नाही. प्रेस्टन गुलामगिरीविरोधी चळवळीत वाढलेल्या होत्या, आणि त्याचा प्रत्यय वर्गातही येतो. १८६७ मध्ये पदवी घेणाऱ्या रेबेका कोल या अमेरिकेतील पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टरांपैकी एक. त्यांनी डोळ्याच्या रचनेवर प्रबंध लिहिला, आणि त्यांच्या मार्गदर्शक स्वतः प्रेस्टन होत्या. कोल पुढे न्यूयॉर्कला, अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्या दवाखान्यात रुजू झाल्या आणि गरीब वस्त्यांत घरोघरी जाऊन मातांना बाळाची निगा आणि स्वच्छता शिकवू लागल्या. त्याच्या अनेक वर्षे आधी प्रेस्टन यांनी आपल्या भागातल्या स्त्रियांना जे पाठ द्यायला सुरुवात केली होती, तेच हे काम होते.